मूर्तिजापूरच्या पुढे

गेल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला फोन वाजला. इतक्या सकाळी फोन आला की आपल्या पोटात आधी गोळा येतो आणि मग आपण तो उचलतो. पलीकडे माझी कॉलेजातली मैत्रीण.

“उठली का वं?”

“उठली काय, डबे भरून राहिली.”

“मंग भरता भरता ऐक. आमची पोट्टी हाताबाहेर गेली.”

मी पोळी तव्यावरच सोडली. ‘पोरगी हाताबाहेर गेली’ असं एखादी आई म्हणाली की दोन सेकंदांत आपल्या डोक्यात काय काय येऊन जातं, ते तुम्हाला सांगायला नको. निघालं ते असं : पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजची मुलंमुली मिळून अकोल्याहून सेवाग्रामला सायकलनं जाणार आहेत, पाच मुक्कामांची सहल, आणि यादीत हिचं नाव सगळ्यात वर. घरी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. “तुले मावशी म्हणते, तुयं ऐकते. तूच समजाव तिले,” असं म्हणून मैत्रिणीनं फोन ठेवला. पोळी अर्थातच जळली.

त्या दिवशी मला सारखं हसू येत होतं, आणि मधूनच येत नव्हतं. कारण हाच रस्ता, आम्हीच दोघी, आणि साल १९९८!

आम्हीही तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षालाच होतो. मी जठारपेठेतली, ती माझ्या घरापासून चार घरं सोडून. आजच्या मुलींना खरं वाटणार नाही, पण आमच्या वर्गात मुलं एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला बसत, आणि मधल्या रांगेतून फक्त सर चालत. तीन वर्षांत एखाद्या मुलाशी बोलणं झालंच तर ‘वही परत द्या’ एवढंच. कँटीन मुलांचं आणि गर्ल्स कॉमन रूम आमची. तिथे एक कॅरम होता. त्याचा स्ट्रायकर हरवलेला, म्हणून आम्ही बाटलीच्या झाकणानं खेळायचो. एवढंच काय ते आमचं विद्यार्थिजीवन. अशात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनी फलकावर कागद लावला, सायकल सहल, अकोला ते सेवाग्राम, जानेवारी महिना, ज्यांच्याकडे स्वतःची सायकल आहे त्यांनीच नावं द्यावीत. वीस मुलांनी नावं दिली. मुलींमधून चौघींनी, तीही एकमेकींना ढकलत ढकलत.

घरी विचारलं तर बाबांनी तीन दिवस उत्तरच दिलं नाही. मी विषय काढला की ते पेपर उलटा करून दुसरं पान वाचायचे. आई म्हणाली, “त्याइनं नाई म्हटलं नाई ना, म्हंजे हावच समज.” चौथ्या दिवशी बाबांनी अंगणात माझी सायकल उलटी उभी केली, चेन पुसली आणि तेल घातलं. तोंडानं तेव्हाही एक अक्षर नाही. पण मला उत्तर मिळालं होतं.

मैत्रिणीच्या घरी तेल कुणी घातलं नाही. तिची सायकल म्हणजे थोरल्या भावाची उतरलेली दांडीची ॲटलास. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तोही नेमका ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. मी बातमी वाचली आणि पहिल्यांदा हीच आठवली.) वडील म्हणाले, “जा, पण भावाले विचार.” भाऊ गावाला गेलेला. तिनं त्याचा अर्थ सोयीनं लावला. आपण कोणीही लावला असता.

निघालो त्या सकाळी गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या. एक काकू म्हणाल्या, “एसटी बंद हाय का वं?” सरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही चोवीस जण निघालो. बोरगाव मंजूपर्यंत गाणी. त्यानंतर गाणी बंद, नुसता श्वास. रस्त्यानं कापसाच्या बैलगाड्या, गाडीवाल्यांचे प्रश्न. “कुठी चालल्या वं पोरीहो?” सेवाग्रामला म्हटलं की त्यांचा विश्वास बसायचा नाही, आणि खरं सांगायचं तर आमचाही बसत नव्हता.

कुरणखेडच्या अलीकडे माझी ओढणी चेनमध्ये गेली. मी पडले नाही, पण ओढणीचा काळा चिंधा झाला. त्या क्षणापासून चौघींनी ओढण्या काढून कमरेला गच्च आवळल्या. घरातून निघताना आयांनी ‘ओढणी नीट घे’ म्हणून दहादा बजावलं होतं, आणि इकडे पंचवीस किलोमीटरवर प्रश्न आपोआप सुटला. दुसरा प्रश्न बायांचा नेहमीचा. मुलं काय, कुठल्याही बाभळीला पाठ करून उभी राहतात. आम्ही सकाळपासून पाणी न पिता चाललेल्या. शेवटी एकीनं सायकल बांधाला टेकवली आणि उभ्या तुरीत शिरली. जानेवारीतली तूर बाईमाणसाला पावते, हे ज्ञान मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नसतं. पुढच्या पाच दिवसांत आम्ही पोटभर पाणी प्यायलो.

आणि पंक्चर! बाभळीचे काटे ते काटेच. पहिलं पंक्चर एका मुलाचं झालं. हा गडी वर्गात मोठमोठ्यानं बोलणारा, पण टायर काढता येईना. आमच्या चौघींपैकी एकीच्या वडलांचं सायकलचं दुकान होतं. ती पुढे झाली, ट्यूब ओढून काढली, पाण्यात धरून बुडबुडे पाहिले, पॉलिश पेपरनं घासलं, सोल्युशन लावून फुंकर मारली आणि ठिगळ दाबलं. सगळी मुलं गोल करून बघत उभी. त्या दिवसापासून तिला सगळे ‘उस्ताद’ म्हणू लागले. अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा तो रस्ता, आणि तिनं किती पंक्चर काढली ते तिलाच ठाऊक.

संध्याकाळी मूर्तिजापूर. तिथे एका शाळेत मुक्काम. स्टेशनकडून शकुंतला गाडीची शिट्टी ऐकू येत होती. (ती बिचारी आता धावत नाही.) मुलांनी पिठलं केलं, भाकरी आम्ही थापल्या. ताटं वाढली, आणि दारात मैत्रिणीचा भाऊ उभा. बोरगावच्या कुणा नातेवाईक बाईनं रस्त्यानं जाताना आम्हाला पाहिलं होतं आणि अकोल्याला फोन केला होता, की तुमची पोरगी पोट्ट्यांच्या संगं रस्त्यानं चालली.

तो ओरडला नाही, हे मला आजही आठवतं. तो फक्त “चाल” म्हणाला. सर बोलायला गेले, त्यांनाही त्यानं नमस्कार केला. मैत्रीण उठली, हात धुतले, पिशवी भरली. निघताना कॅरिअरला बांधलेला हवा भरायचा पंप सोडून माझ्या हातात दिला. “तुमच्यापाशी एकच हाय ना,” म्हणाली. मग मोटारसायकलवर मागे बसून गेली. तिच्या ताटातलं पिठलं कुणी खाल्लं नाही.

आम्ही पुढे गेलो. अमरावती, मग मोझरीचं गुरुकुंज. तिथे तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही सगळे बसल्या बसल्या पेंगलो. तिवसा, वर्धा नदीचा पूल, तळेगाव, आर्वी. आर्वीला मुलांनी पोळ्या लाटल्या. एकाचा नकाशा ओळखा अशी आमची स्पर्धा झाली, आणि एका मुलानं चक्क आफ्रिका खंड लाटला होता. तिथून वर्धा आणि सेवाग्राम. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, ही माहिती परीक्षेपुरती पाठ होती. पण बापूकुटीच्या मातीच्या ओसरीवर सोललेल्या गुडघ्यांनी बसणं वेगळं. आश्रमात व्हाइसरॉयनं गांधीजींशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोन जपून ठेवलाय. तो पाहिल्यावर मला एकदम मैत्रिणीला फोन करावासा वाटला. पण सांगणार काय, की आम्ही पोचलो म्हणून?

परत आलो तेव्हा तिची सायकल घरात नव्हती. मूर्तिजापूरच्या शाळेतून ती महिनाभरानं आली आणि लगेच विकली गेली. पुढे बी.ए. झाल्यावर तिचं लग्न झालं. माझंही झालं. अडीचशे किलोमीटर सायकल मारलेल्या मुलीची वरात शेवटी गेली कुठे, तर तीन गल्ल्या पलीकडे! माहेर जठारपेठ, सासर जठारपेठ. बाबा म्हणायचे, हिच्या सासरी जायला चेनला तेलही लागत नाही.

मैत्रिणींनो, इतकं सांगायचं कारण असं की आपण मुलींना सायकल देतो, पण रस्ता मोजून देतो. शाळेपर्यंत, क्लासपर्यंत, दळण आणण्यापर्यंत. मी आमच्या मंडळाच्या कामानं खेड्यांत जाते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, आणि ही योजना फार चांगली आहे. शाळा चार-पाच किलोमीटरवर असेल तर सायकल नसल्यावर पोरगी घरीच बसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अभ्यासकांनी त्याचा हिशेब मांडला, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आणि मुलगा-मुलगी ही तफावत ४० टक्क्यांनी कमी झालेली. एका सायकलीनं एवढं काम केलं! पण बारावी झाली की त्याच सायकलीवर दुधाचे कॅन टांगलेले दिसतात आणि सायकलवर भाऊ. पोरगी कुठे, विचारलं तर, “घरी हाय ना, आता कुठी जाची हाय तिले?”

तामिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९१ च्या साक्षरता मोहिमेत त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायांना सायकल शिकवणं हाही मोहिमेचाच भाग केला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया, हजारोंनी सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. त्यातलं मला सगळ्यात आवडलं ते हे, की लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायांनी पुरुषी दांडीच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त पसंत पडल्या. का? तर दांडीवर लेकरू बसवता येतं! बाईच्या हाती वस्तू गेली की ती तिचा उपयोग शोधतेच.

आणि लांबच्या प्रवासाचं म्हणाल तर आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी. इंग्लंडमध्ये बोर्नमथ विद्यापीठात शिकत होती, वय जेमतेम वीस. २०१८ च्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलनं निघाली आणि डिसेंबरमध्ये कोलकात्याला पोचली तेव्हा १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर झाले होते. कॅनडात तिच्यामागे अस्वल लागलं. स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. रशियात बर्फात एकटीनं तंबू ठोकून रात्री काढल्या. व्हिसासाठी अडली ती वेगळीच. तिच्या आईला त्या १५९ रात्री झोप कशी लागली असेल, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा, की अस्वल आणि चाकू दोन्ही भेटूनसुद्धा ती परत फिरली नाही, आणि आमचा प्रवास बोरगावच्या एका बाईनं अडवला. अस्वलापेक्षा नातेवाईक भारी, असंच म्हणायचं का?

तुम्ही म्हणाल, ती पुण्याची, परदेशात शिकणारी, तिचं काय सांगता. बरं, मग आपल्या विदर्भाचं सांगते. १९८५ च्या डिसेंबरात आनंदवनच्या बाबा आमट्यांची ‘भारत जोडो’ सायकल यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. शंभराहून जास्त तरुण त्यात होते आणि त्यांत मुलीही होत्या. तेव्हा मोबाईल नव्हता, ‘पोचले गं’ असा मेसेज नव्हता. त्या मुलींच्या आयांनीही कधीतरी चेनला तेल घातलंच असेल.

आता भीतीचं. मी काही मैत्रिणीला वेड्यात काढत नाही. भीती खरी आहे. आमच्या वेळी अमरावती रस्त्यावर बैलगाड्या होत्या. आता तो महामार्ग आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच अकोला-अमरावती टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नाव गेलं. रस्ता झाला गुळगुळीत, आणि त्यावरून ट्रक जातात ते सायकलवाल्याला उडवूनच. तेव्हा आईनं प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहाटे अंधारात निघणार का? मागे लाल दिवा, अंगात चमकणारी जाकिटं, डोक्याला हेल्मेट आहे का? सोबत औषधांची पेटी घेऊन गाडी आहे का? मुलींबरोबर बाई प्राध्यापक आहे का, मुक्कामाला संडास-बाथरूम आहे का? पाळी आली तर एक दिवस गाडीत बसायची सोय आहे का? हे विचारायला लाजू नका, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर सहल पुढे ढकलायला लावा. आमच्या वेळी हे कुणी विचारलं नाही. आमच्यापैकी एकीनं आर्वी ते वर्धा कशी सायकल मारली ते आम्हा तिघींनाच ठाऊक.

पण माझ्या मैत्रिणीनं मला ट्रकचं विचारलंच नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. लेक बाहेर गेलेली. चहा झाला. मी म्हटलं, ट्रकची भीती वाटते का? “नाई वं.” मग? बराच वेळ कपाची कड पुसत राहिली. “लोक काय म्हंतीन.” कोणते लोक, असं मी विचारलं. बोरगावची ती बाई वारली. भाऊ आता साठीकडे आलाय, आणि त्याची नात पुण्यात स्केटिंग करते, त्याचे व्हिडिओ तोच सगळ्यांना पाठवतो. ज्यांच्या भीतीनं आपण पोरींना अडवतो ते लोक कधीच पुढे निघून गेलेले असतात. आपणच तिथे हात धुऊन उभ्या.

हे मी बोलून गेले आणि जीभ चावली. ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “त्या दिवशी पिठलं चांगलं झालतं का वं?”

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत तिनं त्या दिवसाबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, “मिठाचा खडा जास्त पडला होता. पोट्ट्यांनी केलं होतं ना.”

तेवढ्यात लेक आली. मला बघून तिनं ओळखलंच की मावशीला वकिलीला बोलावलंय. “मावशी, तू मले समजवाले आली का?” मी पिशवीतून पंप काढला. माळ्यावर होता, आदल्या दिवशी शोधून काढला. मूठ गंजलेली, आतला वॉशर केव्हाच वाळलेला. मैत्रिणीनं तो ओळखला. लेकीनं हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “हा माझ्या सायकलच्या व्हॉल्व्हले लागतच नाई.” गिअरची सायकल आहे म्हणे, तिचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की डोळ्यांत पाणी आलं.

मग मैत्रिणीनं एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी कोणती, बाई कोण, मुक्काम कुठे, दिवे किती. लेकीनं मोबाईलमधून सगळं दाखवलं. पहिला मुक्काम मूर्तिजापूर, हे ऐकल्यावर ती थांबली.

रात्री साडेनऊला परत फोन. “मी काय म्हंते, मूर्तिजापूरपर्यंत जाऊ देऊ का तिले? पुढचं मंग पाहू.”

“मूर्तिजापूरचं नाव काढू नको,” मी म्हटलं, “जाऊ द्यायचं तर सेवाग्रामपर्यंत, नाही तर नाही.”

ती गप्प. मागे तिच्या अंगणातून काहीतरी खडखडत होतं.

“काय चाललंय तिकडे?” मी विचारलं.

“काई नाई वं. तिची सायकल उलटी केली. चेन लई कोरडी पडली होती.”